राखणदाराची डोण

लग्न होऊन पिंगुळीजवळच्या सासरी आले, तेव्हा परसात विहिरीपाशी एक दगडी डोण होती. राखणदाराची, म्हणजे घरादाराची राखण करणाऱ्या देवाची. दिवेलागणीला तिच्यात तांब्याभर पाणी घालायचं, जुनं मात्र कधी काढायचं नाही, ही त्या घरची रीत. राखणदार तहानेला येतो म्हणे. येत असेल बापडा! मला त्या पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या तेवढ्या दिसायच्या.

"ती राखणदाराची जनावरां. हात लावशीत तर बघ," सासूबाई म्हणायच्या.

मी ऐकलं. तीन वर्षं ऐकलं, त्याची आजही चीड येते. मग माझ्या दोन वर्षांच्या मुलीला हिवताप धरला. दिवसाआड दुपारी पोर लटलट कापायची, तीन गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे. हाताची पार काडी झाली होती. तिसऱ्या पाळीला माझं डोकं फिरलं.

माझे वडील कुणकेश्वराकडे शाळामास्तर. डास कसा होतो ते त्यांनी आम्हाला बरणीत दाखवलं होतं. मीही लोणच्याची रिकामी बरणी घेतली, डोणीतलं पाणी भरलं, तोंडाला मलमलीचा तुकडा बांधला आणि माजघराच्या खिडकीत ठेवली. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

अळ्या पाण्याच्या वरच्या अंगाला आडव्या पडून असत, बरणी हलवली की खाली पळत. कात टाकत, वाढत. मग एकेक अळी आखडून स्वल्पविरामासारखी झाली. खाणंपिणं बंद. सासूबाई नको नको म्हणत दिवसातून चारदा डोकावत होत्या. एका सकाळी एकीची पाठ उलली. आतून ओला जीव वर आला, आपल्याच सालीवर उभा राहिला, पंख सुकवले आणि मलमलीला जाऊन चिकटला.

"अगो बाय! ह्यो तर डास!"

"मग काय मोर होतलो? ह्येच माझ्या चेडवाक चावतत."

त्यांनी बरणी डोळ्यांशी धरून पाहिली. पण दिसलं म्हणून पटलं असं नव्हे. "तरी डोणीतला पाणी ओतून टाकूचा नाय," त्या म्हणाल्या. "राखणदार तानेन परत गेलो तर?"

"पाणी मीच दितलंय, रोज ताजा. तुमी पावण्याक असला किड्यांचा पाणी दितास?"

आणि मी डोण पालथी केली. अळ्या मातीत तडफडल्या. मला काडीची दया आली नाही. काथ्याने डोण घासली, ताजं पाणी भरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरीला पुन्हा हीव भरलं. ताप एकदा अंगात शिरला की डोण ओतून थोडाच जातो! पण सासूबाई देवासमोर बसून रडायला लागल्या. "बघ, कोपलो. आता पोर हातची जातली."

क्षणभर मलाही ते खरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी पोरीला मधातून हिवतापाचं कडू कोयनेल चाटवलं, ते तिने थुंकलं, पुन्हा चाटवलं. तिला सासूबाईंच्या मांडीवर दिलं आणि परसात गेले.

"खंय चललंस?"

"डोण ओतूक. कालचा पाणी शिळा झाला."

"अगो, तो कोपलोहा!"

"कोपांदे," मी म्हटलं. "माझ्या चेडवापरास तो मोठो नाय."