केसरीनाथवरची पाळत

शेलार गावच्या केसरीनाथला वाचनाचं वेड लागलं ते पन्नाशी उलटल्यावर. भातशेती होती तोवर पुस्तक धरायला फुरसत नव्हती. पुढे शेतावर गोदामं उभी राहिली, घरबसल्या भाडं येऊ लागलं आणि माणूस रिकामा झाला. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसा हा पुस्तकं वाचून गावभर गुप्तहेर शोधू लागला.

सध्याची कादंबरी चांगली जाडजूड होती. तिच्यातली गुप्त संस्था लोकांच्या मोबाइलमधून त्यांचं बोलणं ऐकायची आणि नकोशा माणसाला ड्रोन पाठवून गाठायची. आमच्या या गृहस्थाने ते इतकं मनावर घेतलं की वाचायला बसताना तो फोनच बंद करू लागला.

त्या दिवशी तरी त्याने तसं करायला नको होतं. लेक करिष्मा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरत आलेले, आणि घरात गाडी चालवणारा हा एकटाच. निघताना बायकोने, तुळजाने, बजावलं होतं, "फोन चालू ठेवा. कवापन कळा सुरू होतील."

"हा गो, ठेवतो," म्हणत तो गाडी घेऊन उरलेल्या शेतावर गेला, पंपाच्या खोलीत बसला. डॉक्टरने अजून आठवडा सांगितलाय, तासाभरात काय होतंय, असं मनाशी म्हणून त्याने फोन बंद केला.

कादंबरीचा नायक गच्चीवर कोंडला गेला होता, तेवढ्यात बाहेर घरघर ऐकू आली. केसरीनाथ दारात आला. बांधावरून एक काळं ड्रोन सरकत येत होतं. शेलारमध्ये ड्रोनचं कौतुक कुणाला नाही. हळदीला डीजे आणि ड्रोन नसेल तर लोक नावं ठेवतात. पण आज गावात हळद नव्हती.

ड्रोन थेट दारासमोर येऊन थांबलं. वर गेलं, खाली आलं. पुन्हा वर, पुन्हा खाली. नेम धरतंय! केसरीनाथने दगड उचलला. लहानपणी कैऱ्या पाडलेला हात तो. पहिल्याच फटक्यात ड्रोन चिखलात.

जवळ जाऊन त्याने ते उलटं केलं. खाली चिकटपट्टीवर लिहिलं होतं, 'प्रितम फोटो'. प्रितम म्हणजे सख्खा पुतण्या, हळदीचं शूटिंग करणारा. तो मला कशाला शोधेल? आणि मग करिष्मा आठवली. तो गाडीकडे धावला.

घराला कुलूप होतं. करिष्माला शेजाऱ्याच्या टेम्पोतून नेलं, असं कळलं. तो इस्पितळात पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. कंटेनरच्या रांगेत टेम्पो अडकला आणि बाळ वाटेतच, टेम्पोत जन्मलं. मुलगी झाली होती. मायलेकी सुखरूप होत्या. केसरीनाथ दारातच ढसाढसा रडला.

तुळजा बाहेर बाकावर बसली होती. ती ओरडली नाही.

"फोन लागत नव्हता, म्हणून प्रितमनं गच्चीवरून ड्रोन सोडला," ती म्हणाली. "मी त्याच्या बाजूलाच हुबी होते. त्याच्या स्क्रीनवर तुमी दिसलात तवा जीवात जीव आला. त्याला म्हटलं, वरखाली कर, हात हालवल्यासारखा, म्हंजे समजंल त्यांना."

केसरीनाथ तिच्या शेजारी बाकावर टेकला.

"आन तुमी दगड उचललात," तुळजा म्हणाली. "माझ्याकडं बघून."