चौकोनातला न

शिवांजलीला सापाची भीती नव्हती, अंधाराची नव्हती, सासूची तर अजिबात नव्हती. तिला भीती वाटायची ती एका अक्षराची. बाणातल्या ण ची.

उंब्रजला हायवेलगत ऋषिराजचं टायर-पंक्चरचं दुकान आहे, त्याची ही बायको. वय बावीस. बारावी झाली, लगेच लग्न झालं आणि वर्षभरात राजनंदिनी झाली, घरातली नंदू. दुकानाच्या पत्र्यावर शिवांजलीने खडूने सहज काढलेला बैल बघून ऋषिराजने स्वतःच कराडच्या कला महाविद्यालयातून फॉर्म आणला. चित्रकला शिक्षकाची पदविका, दोन वर्षांची. सासू मनुबाई नातीला सांभाळायला तयार झाल्या. सासरे हंबीरराव एवढंच म्हणाले की दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं, तिसरं मागायचं नाही. रागाने म्हणाले नव्हते, पण शब्द फिरवणाऱ्यांतले ते नव्हते.

हात तिचा चांगलाच होता. वस्तुचित्र असो की अक्षरलेखन, सर तिची वही दुसऱ्यांना दाखवायचे. पण शिक्षक व्हायचं तर वर्गावर पाठ घ्यावे लागतात आणि पाठ घ्यायचा तर तोंड उघडावं लागतं. दुसऱ्या वर्षी कराडच्या एका शाळेत सरावाचा पाठ होता. मुलांना ती म्हणाली, "आता ब्रश पान्यात बुडवा." पुढच्या बाकावरचा एक आगाऊ पोरगा उठून म्हणाला, "बाई, पाना तर गॅरेजात असतो." सगळा वर्ग हसला. पंक्चरवाल्याच्या बायकोला पाने काय कमी माहीत होते? पण ती हसू शकली नाही. कानशिलं तापली, पुढचं सगळं विसरलं. सरांनी पाठाच्या वहीत लाल पेनाने लिहिलं: उच्चार अशुद्ध. सुधारले नाहीत तर अंतिम पाठात अडचण येईल.

आणि हीच वही अंतिम पाठाला परीक्षकांच्या हातात जाणार होती.

त्या दिवसापासून तिने ण असलेला एकेक शब्द आपल्या बोलण्यातून हाकलायला सुरुवात केली. पाणी म्हणायचं नाही, जल म्हणायचं. रंगपेटी आणा म्हणायचं नाही, घेऊन या म्हणायचं. पण माणूस असं किती शब्द चुकवत जगणार? घरात जे तोंडात बसलंय तेच वर्गात बाहेर पडणार, म्हणून मग तिने घरातही बोलणं कमी केलं. हूं, हां, मान हलवणं. नंदूशी तर जास्तच जपून. पोरगी अडीच वर्षांची, नुकती बोलायला लागलेली. तिच्या तोंडी तरी आपला न बसू नये असं तिला वाटे. मनुबाईंनी एकदा म्हणून पाहिलं, "अगं, पोरगी बोलंना झालीय. नुसतं बोट दावती." शिवांजलीच्या डोक्यात तेव्हा परीक्षा होती. तिने मान हलवली.

अंतिम पाठाच्या आदल्या दिवशी विषयाची चिठ्ठी मिळाली: भौमितिक आकारांची नक्षी, त्रिकोण आणि चौकोन. तिने शब्दकोश उघडला. त्रिकोणात ण आणि चौकोनात न. सख्ख्या भावांची आडनावं वेगळी असावीत तसा प्रकार. मराठीने हा खोडसाळपणा कशासाठी केला, कोण जाणे.

संध्याकाळी गोठ्याच्या भिंतीला फळा टेकवला. ऋषिराज नंदूला मांडीवर घेऊन विद्यार्थी म्हणून समोर बसला. शिवांजली म्हणाली, त्रिकोन. मग चूक सुधारली आणि त्या धसक्यात म्हणाली, चौकोण. पुन्हा केलं, पुन्हा उलटं. शेवटी ती खाली बसून रडायला लागली.

"आपन जन्मापासनं पानीच पितोय," ऋषिराज म्हणाला, "तहान भागतीच की न्हाई?"

बोलला हसून, पण घाबरला तोही होता. फॉर्म त्यानेच आणला होता. हिचं हसं झालं तर त्याला आपणच जबाबदार, हे त्याला सारखं टोचत होतं.

दुसऱ्या दिवशी सहावीचा वर्ग, चाळीस मुलं. मागच्या बाकावर सांगलीहून आलेल्या परीक्षक बाई आणि त्यांच्यापुढे ती लाल शेऱ्याची वही, उघडी. शिवांजलीच्या हातातला खडू पहिल्याच रेघेला मोडला. तिने त्रिकोण काढला आणि युक्तीने मुलांनाच विचारलं, हा काय? मुलं ओरडली. एक संकट टळलं. मग तिने चार रेघा काढल्या आणि आता आपण बोलायचं असं ठरवून तोंड उघडलं. शब्दच येईना. न की ण? वर्गाकडे पाठ करून ती उभी राहिली. मागे कागद खसखसले. दोन वर्षं आता संपणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

तेवढ्यात ब्रश बुडवायची वाटी पडल्याचा आवाज झाला. तिसऱ्या बाकावरची पूजा नावाची मुलगी उभी होती.

"बाई, पानी सांडलं. माझा कागद गेला," ती म्हणाली. मागे बसलेल्या परीक्षक बाईंकडे बघून तिचे ओठ थरथरायला लागले.

ते घाबरलेलं तोंड शिवांजलीच्या ओळखीचं होतं, तिचं स्वतःचंच. ती फळा सोडून बाकापाशी गेली.

"सांडू दे पानी. रडू नको. बघ, कागदावर कसं पसरलंय. किती कोपरे हायत ह्याला?"

पूजाने नाक पुसत मोजले. "चार."

"मग ह्याला काय म्हनायचं?"

"चौकोन."

"चौकोन," शिवांजली म्हणाली. शब्द सरळ बाहेर पडला. आणि मग तिच्या ध्यानात आलं, आपण काय काय बोलून गेलो ते. पण मुलगी आता ओल्या डागाभोवती पेन्सिल फिरवत होती, बाकीची मुलं आपापल्या वाट्या कागदावर उपड्या करायला निघाली होती. त्यांना आवरताना ती आणखी तीन-चारदा तरी पानी म्हणाली. परीक्षक बाई पूजाच्या बाकापाशी येऊन चित्र बघून गेल्या, वहीत काहीतरी लिहिलं आणि चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता निघून गेल्या.

निकाल दीड महिन्याने लागला. उच्चाराला दहापैकी तीन गुण आणि पाठात पास. पण सांगायचं ते त्याच संध्याकाळचं.

कराडहून घरी आली तेव्हा तिची खात्री होती की सगळं संपलं. उंबऱ्यावर पर्स ठेवते न ठेवते तोच नंदू आली आणि माठाकडे बोट दाखवून उभी राहिली. शिवांजलीने सवयीने तांब्या उचलला, आणि थांबली. मनुबाईंनी सांगितलेलं ते बोट तिला आज दिसलं. पोरगी तोंड घट्ट मिटून उभी होती, अगदी सकाळी फळ्यापुढे ती स्वतः उभी होती तशी. शिवांजली हादरली. परीक्षेला नव्हती इतकी ती आता घाबरली.

ती खाली बसली. "काय पायजे, नंदू? तोंडानं सांग."

नंदूने आईच्या तोंडाकडे पाहिलं. मग आजीकडे. मग पुन्हा आईकडे.

"पानी," ती म्हणाली, चुकलं की काय अशा आवाजात.

"पानी," शिवांजली म्हणाली. "बरोबर हाय, बाळा. पानीच."

नंदूने ते पुन्हा म्हटलं, मग अजून मोठ्याने, आणि प्यायचं विसरून सगळं घरभर सांगत सुटली.