चार पाकळ्या, मध्ये एक

डिंडोलीतल्या मराठी शाळेत मी पहिलीचा वर्ग घेते. वर्गात खडू-फळ्यापेक्षा चिंचोके, बाटल्यांची झाकणं आणि आइस्क्रीमच्या काड्याच जास्त. दहा काड्या मोजायच्या, रबर लावायचं, झाला गठ्ठा. या गठ्ठ्यांचा मला भारी अभिमान. शेजारच्या वर्गातल्या बाई त्यावरून माझी थट्टा करतात, पण माझी मुलं हसतखेळत बेरीज शिकतात, असं मी येईल त्याला ऐकवत असे.

एक मुलगी मात्र माझ्या अभिमानाला बधेना. लाल झाकण, निळं झाकण, लाल, निळं, अशी ओळ लावायला सांगितली की ती सगळ्यांच्या आधी लावून मोकळी. बेरीज आली की बिनसायचं. आठ आणि सात चिंचोके दिले, तर ही चार चिंचोके गोलात मांडणार, मधोमध एक ठेवणार आणि तसंच दुसरं फूल करायला घेणार. "खेळू नकोस, मोज," म्हणत मी हाताने फूल विसकटून टाकायची. एकदा नाही, रोज. मग ती जी गप्प व्हायची ती शाळा सुटेपर्यंत. मी तापट आहे आणि त्या दिवसांत मला माझ्या गठ्ठ्यांपुढे काही दिसत नव्हतं.

पालकसभेला तिची आई आली. पदराला डिंक लागलेला, बसायला सांगितलं तरी उभीच. "खरं सांगा बाई, पोरले येस का काही? तिना बाप म्हनस, येत नही ते दिवाळीले गावले लई जाऊ, मावशीजोडे राही."

म्हणजे येत नसेल तर पोरीला गावी मावशीकडे ठेवणार; तिची शाळा, तिची आई, सगळं माझ्या एका उत्तरावर येऊन ठेपलं होतं. हे मला कळत होतं. तरी मी म्हणाले, "अजून कच्चीच आहे." खोटं कशाला बोलायचं, असं वाटलं. आई मान हलवून निघून गेली.

त्यानंतर आठवड्याभरात मतदारयादीच्या कामाला मी त्यांच्याच गल्लीत गेले. शिक्षकांच्या नशिबी शिकवणं सोडून बाकी सगळी कामं असतात. पाणी प्यायला म्हणून तिच्या घरात शिरले. खोलीभर जांभळी साडी पसरलेली आणि आई काठावर डिंकाने टिकल्या चिकटवत होती. लेक शेजारी बसून पुढची नक्षी मांडून देत होती. चार पाकळ्या, मध्ये एक. चार पाकळ्या, मध्ये एक.

"आते कितल्या काढू?" आईने पुडी हातात धरून विचारलं.

मुलीने उरलेल्या काठावर नजर टाकली. "सहा फुलं आन शेवटले तीन. तेहतीस काढ."

ना बोटं, ना काड्या. मी हातातला पेला खाली ठेवला. जे फूल मी रोज विसकटत होते, तो तिचा गठ्ठा होता. माझा दहाचा, तिचा पाचाचा. मला इतकी लाज वाटली की यादीतली नावं न विचारताच मी बाहेर पडले. परत जाऊन विचारावी लागली, ते वेगळं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्यापुढे चिंचोके ठेवले आणि म्हणाले, "आठ आणि सात. तुझी फुलं कर." तिने पहिलं फूल केलं आणि पटकन त्यावर दोन्ही तळवे झाकून धरले. माझ्या हाताकडे बघत होती. मी हात पाठीमागे घेतले आणि तसेच ठेवले. बऱ्याच वेळाने तिने तळवे उचलले. आठचं एक फूल आणि तीन सुटे, सातचं एक फूल आणि दोन सुटे. तिने ते दोन हळूच त्या तिनांकडे सरकवले. "तीन फुलं," ती म्हणाली. "पंधरा."

मी तिच्या वडिलांना निरोप धाडला. पांडेसऱ्याच्या मिलमधली पाळी संपवून ते तसेच शाळेत आले, डबा हातातच. मी त्यांना सांगितलं, "तिला येत होतं. मला दिसत नव्हतं. मी तुमच्या घरच्यांना चुकीचं सांगितलं." शिक्षकाने असं बोलायची त्यांना सवय नसावी, ते माझ्याऐवजी खिडकीकडे बघत राहिले. मग लेकीसमोर उकिडवे बसले. तिने त्यांना नऊ आणि आठ करून दाखवले, मग न विचारता चौदा आणि नऊही.

ते उठले. गावाबद्दल विचारायचा मला धीर होईना. दारापर्यंत जाऊन ते थांबले.

"दिवाळीनंतर शाळा कवय उघडस, बाई?"

मी तारीख सांगितली. नीट लक्षात राहावी म्हणून त्यांनी ती दोनदा म्हणून घेतली.