सुभाषने मोडलेली बिनविरोध

सुभाष गेल्याचं मला धुळ्याच्या स्टँडवर कळलं. आमच्याच गावचा माणूस चोपड्याच्या गाडीतून उतरला आणि म्हणाला, "सुभाषभाऊ गेले. झोपेतच." तसाच परत फिरलो. गावात येऊन बघतो तर ही गर्दी! पार सावद्याकडचे लोक आलेले. खरं सांगतो, मनात पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता... माझ्या मयतीला एवढी माणसं येतील का, हा होता.

हेवा जुनाच. जळगावला भरतीला आम्ही दोघं एकत्र गेलो. त्याला घेतलं, मी छातीत कमी भरलो. तो पलटणीत गेला, मी केळीच्या वखारीत. तो सुटीवर आला की माझी सख्खी आई आधी त्याचं ताट वाढायची. मग त्याची पलटण श्रीलंकेत गेली, तिथलं भांडण मिटवायला. ज्यांना वाचवायला गेले, त्यांच्यातल्याच बंदूकवाल्यांशी लढत बसले. नव्वद साली परतला तेव्हा एक कान गेला होता, आणि स्टँडवर हार घेऊन कोणी आलं नव्हतं.

पुढारी एकमेकांकडे बोट दाखवत. जुने म्हणत, नव्यांनी मोहीम अर्धी सोडली. नवे म्हणत, जुन्यांनी पाठवलंच कशाला. चोपड्याच्या सभेत सुभाष उठून म्हणाला, "साहेब, आमचे जोडीदार तिथं राहिले. चुकलं कोणाचं, तेवढं एकानं तरी सांगा." साहेबांनी जवानांच्या शौर्याला वंदन केलं आणि खाली बसले. टाळ्या सुभाषला! मी कार्यकर्ता, मी सतरंज्या उचलल्या.

आमच्या गावाला एकच अभिमान, पंचायत बिनविरोध. पारावर नाव ठरायचं, नारळ फुटायचा, गुलाल उधळायचा. एका वर्षी आमच्या वॉर्डात माझं नाव ठरलं. आयुष्यात पहिल्यांदा मी! आणि शेवटच्या दिवशी या गड्यानं माझ्याविरुद्ध अर्ज भरला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"बठ्ठं गाव एक शे, मग तुले काय खुपतं रे?" मी ओरडलो.

"तठे लंकेत बी असंच झालं, भो," तो शांतपणे म्हणाला. "आम्ही बंदुका घेऊन निवडणूक राखली. समोर कोणी उभंच नव्हतं, म्हणून तिथले पुढारी निवडून आले. अशा माणसाला जाब कोण विचारणार? आम्ही निघालो तसं सगळं कोसळलं."

मतदान झालं. मी निवडून आलो. पहिला गुलाल त्यानंच लावला. मत कोणाला दिलं, विचारलं तर म्हणतो कसा, "तुलेच!" त्यानंतर दर ग्रामसभेत हातपंपावरून मला उभा-आडवा घेतला. आणि प्रत्येक मतदानाला इस्त्रीचा शर्ट घालून, शाळेपुढे लोखंडी खुर्ची टाकून, शेवटचं माणूस येईपर्यंत बसून राहायचा.

आता पुन्हा निवडणूक आहे. परवा पारावर, नाव ठरवणाऱ्या आबांनी नारळ माझ्या हातात दिला. म्हणाले, "आता आडवं येणारं कोणी नाही." हेच तर मला हवं होतं! तो नारळ घेऊन मी सुभाषच्या घरी गेलो.

"वहिनी, अर्ज भरा."

"कोणाविरुद्ध?"

"माझ्या."

 वहिनींनी आत जाऊन सुभाषची ती लोखंडी खुर्ची आणून माझ्यापुढे ठेवली.

वहिनींनी अर्ज भरला आहे. गाव त्यांनाच मत देणार, हेही मला दिसतंय. मेल्यावरसुद्धा हा माझ्यावर मात करणार... खुर्ची माझ्या ओट्यावर आहे. मतदानाच्या दिवशी ती शाळेपुढे मीच टाकणार आहे.