आबांनी घरात बसून पाहिलेलं कार्यालय

माझी लेक पुण्यात एका हॉटेलात नोकरी करते. परवा फोनवर मोठ्या उत्साहानं सांगत होती की आता लग्नाचा हॉल बघायला लोक गाडी काढून येत नाहीत. घरी बसून मोबाइलवर अख्खा हॉल फिरून बघतात. जाण्यायेण्याच्या खेपा वाचतात, तेवढा धूर हवेत जायचा वाचतो, आणि हॉटेलवाल्यांना त्याचं आता फार कौतुक आहे म्हणे. "आई, केवढी नवी गोष्ट आहे ना!" मी म्हटलं, "नवी कसली डोंबलाची! तुझ्या आजोबांनी माधवनगरला पलंगावर बसून साताऱ्याचं कार्यालय बघितलंय. तेही तू जन्माला यायच्या आधी." ती हसली. आईचं जुनं पुराण सुरू झालं की ती अशीच हसते, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं.

माझं लग्न ठरलं ते साताऱ्याच्या मुलाशी. सासरच्यांची मागणी एकच होती, लग्न करून द्यायचं तुम्ही, पण आमच्या गावात. आबा, म्हणजे माझे वडील, एका शब्दात हो म्हणाले. ते फौजेतून निवृत्त झालेले, शब्द दिला की संपलं. आणि पुढच्याच आठवड्यात त्यांना हार्ट अटॅक आला.

मिरजेच्या दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना समोर उभं केलं आणि बजावलं, "लग्नाला एकदा घेऊन जा यांना. सावकाश, मागच्या सीटवर आडवं करून. त्याच्या आधी कुठं नाही आणि त्याच्यानंतर कुठं नाही. एवढा एकच प्रवास देतोय मी." आईनं हात जोडले. आबा छताकडे बघत होते, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

आमच्याकडची रीत अशी की कार्यालयाची सुपारी देऊन ते पक्कं करण्याआधी घरातल्या मोठ्या माणसानं ते स्वतः बघून यायचं. एकटं कोण जातंय! जीप ठरवायची, चुलते, मावशी, शेजारची एखादी जाणती बाई, सगळी कोंबून भरायची. तिकडं जाऊन भिंतींवरून हात फिरवायचा, चहा प्यायचा, परत यायचं. मग नवऱ्याकडच्यांची वेगळी जीप, मग आचाऱ्याची वेगळी खेप. लग्न लागायच्या आधीच गाड्या पळून पळून दमायच्या.

आबांच्या बाबतीत मात्र ही नुसती रीत नव्हती. त्यांच्या धाकट्या बहिणीच्या, म्हणजे माझ्या आत्याच्या लग्नात कार्यालयातलं पाणी संपलं होतं. पंगत उठली आणि पाहुणे खरकटे हात घेऊन अंगणात उभे. त्या पाण्यावरून आत्याला सासरी किती वर्षं ऐकून घ्यावं लागलं ते तिलाच माहीत. तेव्हापासून आबा कुणाच्याही लग्नाला गेले की आधी नळ सोडून बघत, मग नवरानवरीकडे वळत. आम्ही मुली लाजेनं मरायचो.

साताऱ्यात मुहूर्तावर एकच कार्यालय मोकळं होतं. मामा जाऊन बघून आला आणि म्हणाला, "झकास आहे!" पण आमचा मामा म्हणजे चहा चांगला मिळाला की कार्यालय चांगलं म्हणणारा माणूस. आबांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि म्हणाले, "परवाला जीप सांगा. मी जाणार."

आई रडायलाच लागली. "आवं, डाक्टर काय म्हणालं इसरलासा?"

"न्हाई इसरलो. पर डोळ्यानं बघितल्याबिगर मी सुपारी न्हाई द्यायचो."

मला असा राग आला म्हणून सांगू! मी म्हटलं, "आबा, एकच प्रवास दिलाय तुमाला. तो तुमी नळ बघायला घालवणार? मग माझं कन्यादान कोण करणार?"

"मी नसलो तरी लगीन लागतंय, पोरी. पाणी नसलं तर ते जन्मभर तुला ऐकावं लागतंय."

मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. माझ्या लग्नात आबा नसतील, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. आणि ते पलंगावर बसून जीपवाल्याचा निरोप आला का म्हणून विचारत होते. हटून बसलेल्या माणसापुढं हात टेकायचे ते किती!

मामानं एसटीडी बूथवरून साताऱ्याला फोन लावला आणि कार्यालयाच्या मालकीणबाईंना सगळं सांगून टाकलं. त्यांना सगळे काकू म्हणत. आम्ही त्यांना पाहिलेलंही नव्हतं. मामानं घरी येऊन काकूंची नक्कल करून दाखवली, कमरेवर हात वगैरे ठेवून. "मी तर विटलेच आहे या बघायला येणाऱ्या जीपांना! नुसतं डिझेल जाळत यायचं आणि चहा पिऊन जायचं. धुरानं माझ्या अंगणातला पारिजातक काळा पडलाय. त्यांना म्हणावं घरात गप पडून राहा. ते येऊ शकत नाहीत ना? मग मी कार्यालय पाठवते त्यांच्याकडे." मामाला आधी काही कळेचना.

काकूंनी लग्नाच्या शूटिंगवाल्याला बोलावून कार्यालयाची कॅसेट काढली आणि एसटीच्या ड्रायव्हरबरोबर आमच्या जवळच्या सांगली स्टँडवर धाडली. आम्ही व्हीसीआर भाड्यानं आणला. लग्नाची कॅसेट आली म्हणून गल्लीतल्या बायका सतरंजीवर येऊन बसल्या. अजून लग्नच लागलेलं नाही हे कुणी लक्षात घेतलं नाही.

कॅसेट सुरू झाली आणि सनई वाजायला लागली. पडद्यावर एक कमळ उमललं, त्याच्यातून कार्यालय बाहेर आलं. मग कार्यालयावर गुलाबाच्या पाकळ्या पडल्या. मग खुर्च्या गोल गोल फिरल्या. बदामाच्या आकारात बोहलं दिसलं, ते मोठं झालं, लहान झालं. शूटिंगवाल्या बिचाऱ्याला दुसरं काही काढायची सवयच नव्हती. बायका "अगं बाई, किती छान!" करत होत्या.

"ह्यात नळ कुठं हाय?" आबा म्हणाले. "बंद करा. जीप सांगा."

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, खड्ड्यात गेलं तुमचं लग्न, दुसरं गिऱ्हाईक बघते. मामानं भीत भीत फोन केला तर काकू तिकडून खो खो हसल्या. "बरोबर आहे त्यांचं! मला मेलीला कळायला नको? थांबा, आता मीच दाखवते." त्या बाईचं मला आजही कौतुक वाटतं ते या हसण्याचं.

दुसरी कॅसेट आली. तिला सनई नव्हती, कमळ नव्हतं. शूटिंगवाल्याला बहुतेक तोंड बंद ठेवून मागनं चालायला सांगितलं होतं. पडद्यावर काकूंची नुसती पाठ. चांगलीच ऐसपैस बाई, पदर खोचलेला. सुरुवात फाटकापासून नाही, तर रस्त्यापासून.

"रामराम दादा. तुमची गाडी इथं थांबेल. इथं सावली असते. आता चला माझ्याबरोबर."

अंगणातला नळ सोडून त्यांनी बादली पूर्ण भरेपर्यंत वाट बघितली. आम्हीही सगळे बादली भरताना बघत बसलो. मग, "टाकी भरून ठेवून फसवतेय असं वाटेल तुम्हाला," म्हणत विहिरीत पोहरा सोडला. खाली पाण्यात तो आपटल्याचा आवाज आमच्या खोलीत आला आणि आबा पलंगावर पुढं सरकून बसले. संडासांची दारं उघडून दाखवली. मागच्या भिंतीचा पोपडा दाखवून म्हणाल्या, "इथं पावसाळ्यात गळतं. तुमचं लग्न उन्हाळ्यात आहे, पण माहीत असावं." आजारपणानंतर आबांची पाठ इतकी ताठ मी पहिल्यांदा बघत होते.

मग जिना आला. हॉल वरच्या मजल्यावर होता. काकू बोलत बोलत चढायला लागल्या. "हा कठडा... भक्कम आहे... पायऱ्या जरा... उंच आहेत..."

"थांबीव," आबा म्हणाले. "मागं घे."

मामानं कॅसेट मागं घेतली. पुन्हा तो जिना, पुन्हा काकूंचा तो धाप लागलेला आवाज.

"बाई दमली," आबा हळूच म्हणाले. "मी कसा चढणार?"

इतके दिवस काळजी ही होती की आबा कार्यालय बघायला गेले तर लग्नाला कसे येतील. आता लग्नाला आले तरी खालीच राहतील, असं दिसत होतं. आई डोळे पुसत म्हणाली, "दुसरं कार्यालय बघू या." मामा म्हणाला, "आता कुठं मिळतंय?" आबांनी हातानंच दोघांना गप्प केलं आणि पुढं चालू ठेवायला सांगितलं.

वर हॉलला लागूनच स्वयंपाकघर होतं. काकूंनी चुली दाखवल्या, पातेली दाखवली. एक पातेलं तर एवढं की आत माणूस बसेल. आबा एकदम म्हणाले, "ते भांडं त्या जिन्यात मावंल का रं?" मामा बघतच राहिला. "न्हाई मावत. मग ते वर कुठनं गेलं? मागनं वाट हाय. इचार बाईला."

मामा तसाच बूथवर पळाला. वाट होती! स्वयंपाकघराच्या मागं, सामानाच्या ढकलगाड्या वर न्यायला केलेला विटांचा सोपा उतार. काकू फोनवर म्हणाल्या, "अहो, ती खरकट्याची आणि काजळीची वाट. नवरीच्या बापाला मोरीच्या बाजूनं कोण नेतं का? म्हणून नाही दाखवली हो." सगळं खरं खरं दाखवणारी बाई नेमकी तिथं लाजली होती. मामानं येऊन सांगितलं तसे आबा उशीला टेकून बसले. "सुपारी द्या," म्हणाले. मी उठून त्यांच्यासाठी चहा टाकला, साखर न घालता. बोलणं सुरू केल्याचं त्यांना तेवढ्यावरून समजलं.

लग्नाच्या दिवशी जीप त्याच सावलीत थांबली. आबांनी कुणाला काही विचारलं नाही, सरळ कार्यालयाला वळसा घालून मागं चालायला लागले. काकूंनी तो उतार घासूनपुसून काढला होता आणि दोन्ही बाजूंनी रांगोळी घातली होती. पिठाचे हात तसेच वर धरून आचारी बाजूला झाले. काकू पुढं, आबा मागं. थोडं चढून आबा थांबले आणि म्हणाले, "आत्ता वळखलं. पाठमोऱ्या तुमीच त्या." काकूंचं हसणं म्हणे बोहल्यापर्यंत ऐकू आलं.

कन्यादान आबांनीच केलं. मी ढसाढसा रडले, तेही लोक बघत असताना. पंगत उठल्यावर त्यांनी आत्याला नळापाशी नेलं. "सोड," म्हणाले. आत्यानं नळ सोडला. पाणी धो धो आलं. बहीणभाऊ दोघं उगीचच हात धूत उभे राहिले.

डॉक्टरांनी आबांना दिलेला तो एकच प्रवास तिथं संपला. ते माधवनगरला परतले ते कायमचेच. लेकीचं घर मात्र त्यांनी बघितलं नव्हतं, आणि त्याची चुटपुट ते बोलून न दाखवता आईला रोज दाखवत.

इकडं काकूंच्या कॅसेटी कऱ्हाड, खंडाळा, विटा, कुठं कुठं जायला लागल्या होत्या. बघायला येणाऱ्या जीपा कमी झाल्या, आणि काकू मला बोलावून पारिजातकाची पांढरी फुलं दाखवत. एकदा मी त्यांना म्हटलं, "काकू, माझं घर पाठवाल आबांकडे?" त्यांनी शूटिंगवाल्याला माझ्यासोबतच धाडलं.

मी काकूंसारखाच पदर खोचला. "रामराम आबा," म्हणून रस्त्यापासून सुरुवात केली. नळ सोडला, बादली भरू दिली. आमची खोली वरच्या मजल्यावर होती, तो जिनाही बोलत बोलत चढले. कॅसेट एसटीनं गेली.

आणि तिसऱ्याच दिवशी सकाळी आई पिशवी घेऊन दारात! मी घाबरलेच. "आबांना काय झालं?"

"त्यास्नी काय धाड भरलीया! तुझी कॅसेट लावली. जिना आला तसं म्हणाले, थांबीव, मागं घे. चारदा ऐकलं. मग मला म्हणाले, पोरगी दमतीया. ह्या वयात एवढ्याशा जिन्यात दमायचं काय कारण? आता कॅसेट बघून न्हाई भागायचं, तू सोता जा."

मला आपलं वाटत होतं की पित्त झालंय. आईनं माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पिशवी तिथंच टाकून कडाकडा बोटं मोडली. आईनं ओळखलं तेच संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनीही सांगितलं, मला दिवस गेले होते.

बाळंतपणाला मी माहेरी गेले. लेकीला न्हाऊमाखू घालून आबांच्या मांडीवर दिलं, तेव्हा शेजारीपाजारी जमले होते. कुणीतरी म्हणालं, "आजोबा, बघा बघा, नातीचं तोंड पहिल्यांदा बघताय!"

"पयल्यांदा कसं?" आबा म्हणाले. "हिची माझी जिन्यातच गाठ पडलीया."