ओढली की सुटणारी गाठ

आमच्या नणदोयांनी जगात एक तापी सोडून बठ्ठं, म्हणजे सगळं, बांधून पाहिलं. तापीही बांधली असती, पण तेवढा लांब दोर कुठं मिळाला नाही. माझ्या मोठ्या नणदेचे ते मालक. गाव त्यांना नाना म्हणायचं, म्हणून मीही नानाच म्हणायची. तापीच्या अलीकडं आमचं गाव, पलीकडं शिरपूरच्या बाजूची कपाशीची रानं, आणि मधे नानांची लाकडी नाव. पुलाचं तेव्हा नुसतं बोलणंच चालायचं. आम्ही आठ बाया रोज सकाळी त्या नावेतून पलीकडं निंदायला जायचो आणि सांजच्याला परत यायचो. आणि नानांना पोहता येत नव्हतं! लहानपणी बुडता बुडता वाचले, तेव्हापासून कमरेच्या वर पाण्यात कधी उतरले नाहीत. बाप नाववाला, म्हणून नाव गळ्यात पडली. गावातली म्हातारी माणसं त्यांना हसायची, "काय नाना, मासा पानीले भ्यास का?" नाना म्हणायचे, "भ्यास म्हनीसन तर आजवर जित्ता शे."

त्यांच्या नावेत सुटी वस्तू म्हणून नसायची. वल्हं दोरीनं बांधलेलं, बांबू बांधलेला, पाणी उपसायचा डबा बांधलेला, तंबाखूची पिशवीसुद्धा बांधलेली. पाणी काय, मागत नाही, घेऊन जातं, असं त्यांचं म्हणणं. पण माणूस मात्र नावेला कधी बांधायचा नाही. नाव उलटली तर माणूस तिच्याखाली जाईल. माणसाला भोपळे. दोन वाळलेले भोपळे, आतून पोकळ, एका दोरानं जोडलेले, ते काखेखाली छातीला बांधायचे. दोर नाना स्वतः अंबाडीचे वळायचे. गाठ एकाच जातीची पाहिजे, एक टोक ओढलं की सपकन सुटणारी. काठावर आम्हाला ओळीनं उभं करायचे आणि मास्तरासारखे म्हणायचे, "बांध. वढ. सोड. फिरी बांध." रोजचं. पाणी घोट्याइतकं असलं तरी. एक जण चिडून म्हणायची, "नाना, आम्ही निंदाले जाई ऱ्हायनूत, लंकाले नही!" नाना म्हणायचे, "तापीले काय म्हाईत तू कोठे जाई ऱ्हायनी ते?" तिकडं मुकादम उशिराबद्दल शिव्या द्यायचा, इकडं नाना गाठ सुटेपर्यंत नाव सोडायचे नाहीत.

घरीही तेच. पाण्याचा माठ खुंटीला बांधलेला, चष्मा गळ्यात दोरीनं, पायातल्या चपला काढल्या की एकमेकींना बांधून ठेवायच्या. एसटीत बसले की पिशवी पुढच्या दांड्याला बांधायचे. कंडक्टर म्हणाला, "बाबा, ही बस आहे, नाव नाही." तर नाना म्हणाले, "पुलवरतून पानीमा गयी ते?" आख्ख्या गाडीतल्या माणसांनी मागं वळून पाहिलं, आणि म्हणे दोघा-तिघांनी गुपचूप आपापल्या पिशव्या मांडीवर घेतल्या. त्यांच्या धाकट्या भावाच्या लग्नात तर कहर झाला. नवरा-नवरीची शेल्या-शालूची गाठ करवलीनं घट्ट मारली होती. नानांना ती दिसली, चैन पडेना. कुणाचं लक्ष नाही असं बघून त्यांनी ती सोडली आणि आपली मारली. फेरे घेताना नवरीचा पाय शालूवर पडला, ओढ बसली आणि गाठ सपकन सुटली. नवरी एका बाजूला, नवरा दुसऱ्या बाजूला. नानांची आई कपाळाला हात लावून खालीच बसली. भटजी ओरडले, "कोणी सोडली ही गाठ?" नाना पुढं झाले. "सोडी नही महाराज, सुटनी. सुटालेच पाहिजे. उद्या दोन्ही पानीमा पडनात ते?" माझी नणंद बायकांत तोंड लपवून बसलेली. मला म्हणाली, "वहिनी, मना बापनी माले खुटाले बांधं आसतं ते बरं व्हतं."

हसायचो आम्ही. मीही हसायची. पण माझं हसणं वरवरचं होतं, कारण मी खोटं बोलत होते.

आमचे मालक जाऊन तेव्हा दुसरं वरीस चाललं होतं. घरी तीन लेकरं, मोठी सात वर्षांची, आणि एक म्हैस. म्हशीच्या दुधावर आणि माझ्या निंदणीवर घर चालायचं. येताना मी पलीकडच्या बांधावरचं गवत कापून भारा आणायची. भाऱ्याचा माझा दोर जुना होऊन तुटला. भोपळ्याला नानांचा नवा अंबाडीचा दोर, इतका चांगला की बघत राहावं. मी तो काढून भाऱ्याला लावला आणि भोपळे जुन्या लुगड्याच्या चिंधीनं बांधले. वरून पदर घेतला की कुणाला दिसत नव्हतं. नाना बायांच्या अंगाला हात लावायचे नाहीत. मी तर मेव्हण्याची बायको, माझ्याकडं नजर वर करून पाहायचेही नाहीत. नुसतं विचारायचे, "वढी का?" आणि आपण "हो" म्हणायचं. मी रोज "हो" म्हणायची. वाटायचं, एवढ्याशा पाण्यात काय होतंय.

त्या दिवशी भादव्याचं ऊन लख्ख पडलं होतं. सांजच्याला काठावर आलो तर नाना पाण्याकडं बघत उभे. पाणी लाल झालेलं. आमच्याकडं थेंब नव्हता, पण वर सातपुड्यात पाऊस झाला होता आणि तिकडून तापीला मिळणारी अनेर नदी भरून आली होती. फेस येत होता, झाडाच्या फांद्या येत होत्या. थांबावं तर पाणी आणखी चढणार, मग दोन दिवस पलीकडंच. एकीचं तान्हं पोर घरी सासूजवळ होतं, तिच्या अंगावरची चोळी दुधानं भिजली होती. माझी तीन कुणाजवळच नव्हती. नाना म्हणाले, "आते जाऊ नही ते परवा बी नही." आणि मग त्यांनी ओळ लावली. त्या दिवशी कुणी चिडलं नाही. "बांध. वढ. सोड. फिरी बांध." माझ्यापाशी आले. "वढी का?" आता सांगावं असं ओठावर आलं. भारा उकलायला वेळ जाईल, पाणी वाढतंय, सात जणी बघताहेत. मी म्हणाले, "हो."

अर्ध्यात गेल्यावर नाव पाचोळ्यासारखी हेलकावू लागली. पाणी वरून आत येत होतं, दोघी जणी डब्यानं उपसत होत्या. बांधलेला होता म्हणून डबा दोनदा हातातून निसटूनही राहिला. नाना दोन्ही हातांनी बांबू धरून उभे. एक लाट अशी आली की नाव आडवी झाली, आणि माझ्या छातीवरची भिजलेली चिंधी फाटली. मला ती फाटल्याचं कळलं नाही, एकदम मोकळं वाटलं एवढंच. दोन्ही भोपळे पदराखालून निघाले, नावेच्या काठावर टेकले आणि सगळ्यांच्या देखत पाण्याबरोबर वाहून गेले. डोळ्यांपुढं लेकरं आली, तिघंही चुलीपुढं बसलेली.

नानांनी बांबू एका हातात घेतला. दुसऱ्या हातानं आपल्या छातीवरचं टोक ओढलं. सपकन गाठ सुटली आणि त्यांचे भोपळे माझ्या मांडीवर येऊन पडले.

"बांध."

"नाना, आणि तुम्ही?"

"बांध म्हनस ना! वढ!"

मी बांधले, ओढलं. ते माझ्याकडं बघत होते, पहिल्यांदाच, थेट. मग म्हणाले, "तो भारा टाक, नाव जड व्हयनी." मी हात लावायच्या आधीच त्यांनी वाकून भारा पाण्यात सोडला. माझं ओलं गवत आणि त्यांचा अंबाडीचा दोर, दोन्ही गेलं. तिथून पुढं आमच्या बाजूचा काठ येईपर्यंत मी पाण्याकडं पाहिलंच नाही, नानांच्या उघड्या छातीकडंच पाहत होते. गावापासून पार खाली एका बाभळीला नाव अडकली. आठही जणी उतरलो. नाना मात्र नावेतच बसून राहिले. पाय उचलत नव्हते. शेवटी दोघींनी धरून त्यांना काठावर आणलं, तर चिखलात बसून लहान पोरासारखे थरथर कापत होते. कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या दारात उभे. हातात नवे भोपळे आणि दोन दोर. रात्रभर वळत बसले होते, असं मागाहून नणदेनं सांगितलं. दोर खुंटीला अडकवले. "हाऊ भोपळासना. हाऊ भारासना. दोन्ही येगळा." एवढंच बोलले आणि गेले. मला रागावले नाहीत, कुणाजवळ बोलले नाहीत. त्या दोरानं मी पुढं कितीतरी पावसाळे गवत आणलं.

लेकरं मोठी झाली, मोठीचं लग्न झालं, तेव्हा कुठं पूल झाला. मी आणि नाना एकदा त्या पुलावरून पायी गेलो. तेव्हा ते थकले होते, कठडा धरून चालत होते. अर्ध्यात मी विचारलं, "नाना, त्या दिवशी तुम्हाला कळलं होतं ना? मग बोलले का नाही मला?"

त्यांनी कठड्यावरचा हात पुढं सरकवला. मग म्हणाले, "सात बाया बठेल व्हत्यात. बोलतू ते तू दुसरा दिन लाजनी मारे कामले उनीच नसती. मंग तीन लेकरे काय खातात?"

खाली तापी होती, निवांत, उन्हाळ्याची. नाना कठड्याला टेकून उभे राहिले. डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, मग आपल्या दोन्ही हातांकडं पाहिलं, आणि जरा हिरमुसल्यासारखे म्हणाले,

"वहिनी, आठे पुलवर बांधाले काईच नही वं."