झाकणावरचा कागद

होडीचं इंजिन बंद पाडणारा माणूस मीच होतो, आणि मी नाव घेतलं मेव्हण्याचं.

कळंबला माझं पंप आणि मोटारी दुरुस्तीचं दुकान आहे. धरणात मासेमारी करणाऱ्या संस्थेची फायबरची एक होडी आहे, तिच्या इंजिनाची देखभाल माझ्याकडे. हे इंजिन होडीच्या मागच्या फळीला बाहेरून टांगलेलं असतं, पेट्रोलची टाकी पायाशी वेगळी, आणि दोघांच्या मध्ये रबरी नळी. होडी चालवायला संस्थेनं माझ्या शब्दावर माझ्या मेव्हण्याला ठेवलं होतं. बायकोचा हा एकुलता एक भाऊ, तिच्याहून धाकटा, गाव ईट.

पावसाळ्यात एकदा टाकीत पाणी गेलं. मी टाकी धुतली, झाकणावर प्लास्टिकचा जाड कागद ठेवला आणि जुन्या ट्यूबच्या पट्टीनं करकचून बांधला. आमच्याकडे शेतातल्या प्रत्येक पंपाच्या टाकीला असा कागद असतो. तसं बांधलं नाही, तर कामच अर्धवट राहिल्यासारखं वाटतं.

त्यानंतर इंजिन रुसू लागलं. काठावरून निघताना खणखणीत चालायचं, पाण्याच्या मध्यावर गेलं की आचके देऊन बंद. थोडा वेळ थांबलं की पुन्हा सुरू. हात लावला तर तापलेलं असायचं. मी म्हणालो, "गरम होतंय." आणि सगळे तेच म्हणू लागले.

जाळ्यावरचे लोक मला चिडवायचे. "मिस्त्री, तुमचं इंजन दुपारचं झोपतंय व्हय? त्याला बी चहा पाजा की."

मग मी गरमीच्याच मागे लागलो. इंजिन धरणाचं पाणी ओढून थंड होतं. पाणी आत घेणारी जाळी शेवाळानं भरली असेल म्हणून साफ केली. मागून पडणारी पाण्याची धार हातावर घेऊन बघितली, चांगली पडत होती. प्लग बदलला. तापल्यावर कॉइल दगा देते म्हणून कॉइलही बदलली. काही फरक नाही. रबरी नळीत पेट्रोल चढवायचा जो गोळा असतो, तो दरवेळी चपटा झालेला दिसायचा. रबर जुनं झालं असेल, एवढंच मनात आलं.

शेवटी इंजिन काठावर आणलं, पाण्याच्या पिंपात उभं केलं आणि टाकीऐवजी वर बाटली टांगून तिच्यातून माझ्याकडचं पेट्रोल दिलं. दुकानात आम्ही असंच करतो. ते अजिबात न अडखळता चाललं, तापलं तरी चाललं. म्हणजे इंजिन ठीक, दोष टाकीतल्या पेट्रोलमध्ये. आणि पेट्रोल आणायचा मेव्हणा.

काठावर सगळे जमलेले होते. मी म्हणालो, "पेट्रोल काढून इकतोस, अन् वर रॉकेल घालतोस."

तो आधी हसला. मी गंमत करतोय असं त्याला वाटलं असावं. मग म्हणाला, "दाजी, रॉकेल आता मिळतंय तरी कुठं? रेशनला बी येत न्हाय."

त्याचं उत्तर बरोबर होतं. पण चारचौघांत शब्द तोंडातून गेला होता, आणि तो मागे घेण्यापेक्षा मला पुढं रेटणं सोपं वाटलं. मी म्हणालो, "चोराला सगळं मिळतं."

त्यानं होडीच्या साखळीच्या कुलपाची किल्ली वाळूत ठेवली आणि गेला. पुढं कळलं, तेरखेड्याला फटाक्याच्या कामावर लागला. दिवाळीचा हंगाम होता. बायको रोज विचारायची, "तिथं दारूत हात घालतो का नुसतं बांधणीला असतो?" मला माहीत नव्हतं.

नवा माणूस मिळेपर्यंत होडी मीच चालवली. पेट्रोल मी स्वतः आणलं. मध्यावर इंजिन बंद पडलं. पेट्रोल बघावं म्हणून पट्टी सोडली, कागद काढला, तर झाकणाच्या बारीक भोकातून सूंऽऽ करून हवा आत गेली. आत ओढलेली टाकीची बाजू टपकन बाहेर आली. गोळा फुगला. इंजिन पहिल्या दोरीला सुरू झालं.

इंजिन पेट्रोल ओढतं, तेवढी हवा टाकीत यावी लागते. ती वाट मीच बांधून टाकली होती. शेतातल्या पंपाची झाकणं ढिली असतात, तिथं चालून जातं. दरवेळी बंद पडलं की मेव्हणा पेट्रोल बघायला कागद सोडायचा, हवा आत जायची, आणि मी म्हणायचो, थंड झालं.

खात्रीसाठी कागद पुन्हा बांधून बघितला. थोड्याच अंतरावर बंद पडलं.

हे कळूनही मी गप्प राहिलो. भाऊबीज आली. तो आला नाही. संध्याकाळी बायको ताट घेऊन अंगणात गेली आणि कोरीएवढ्या चंद्राला ओवाळून आली. भाऊ नसलेल्या बायका तसं ओवाळतात.

सकाळी मी ईटला गेलो. हंगाम संपून तो घरी आला होता. "बसा, दाजी," म्हणून त्यानं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. मी खिशातून तो कागद आणि पट्टी काढून त्याच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं.

त्यानं कागद उलटसुलट करून बघितला. "ताईनं पाठवलंय का?"

"न्हाय. तिला अजून ठावं न्हाय."

"हितं सांगून काय उपेग? तुमी बोलला तवा समदी हुती." त्यानं चप्पल घातली. "आधी धरणावर चला. मंग ताईकडं."

आम्ही गाडीवरून धरणावर गेलो. काठावर जाळी वाळत होती, तेच लोक बसलेले होते. कोणीतरी म्हणालं, "मिस्त्री, इंजन झोपलं का उठलं?"

मी कागद त्यांच्यासमोर धरला. "इंजनला काय झालं नव्हतं. पेट्रोलला बी न्हाय. ह्यो कागद म्या बांधला, त्यानं ते बंद पडत हुतं." मग मेव्हण्याकडं वळलो. "तुला चोर म्हणालो. ते खोटं हुतं, अन् खोटं हाय ह्ये तवाच मला कळलं बी हुतं. मला माफ कर."